निळ्या कापसाची उशी

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आजीचा आशीर्वाद. तू पिटुकलीला घेऊन महिनाभर राहायला येणार हे वाचलं आणि मी दूध तापत ठेवलंय ते विसरले. सगळं उतू गेलं. ओटा पुसायला अर्धा तास गेला, पण हसतच पुसला. पणतीचं तोंड अजून फोटोतच बघितलंय, आता मांडीवर घेऊन बघीन. फोन करू नकोस, फोनमध्ये मला नुसता भुंगा ऐकू येतो. पत्रच लिही. माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे काना-मात्रा कुठे राहिली तर तुझी तू घालून घे.

आता घराची हकिगत ऐक, आणि जेवायच्या आधी वाचत असशील तर हे पान दुमडून ठेव. तुझ्या मामाचा कारखाना बंद पडल्यापासून त्याने दगड घासायचा धंदा मांडलाय. कुठे, तर माझ्या मागच्या खोलीत. वाघडोळा म्हणतात त्या दगडाला. त्याची पदकं करतो, लोक गळ्यात घालतात, नजर लागत नाही म्हणे. दिसतात खरी सुंदर. सोनेरी दगडात एक उजेडाची रेघ, आणि दगड हलवला की ती रेघ मांजरासारखी सरकते. पण ते घडवताना जी घाण होते ना, ती गिऱ्हाइकाने एकदा बघावी, मग बघू कोण गळ्यात घालतं.

चाकावर पाणी सोडून दगड कापतात. त्याचा चिखल होतो. कसा सांगू तुला. सर्दी झालेल्या पोराच्या नाकाखाली असतं ना, तस्सा. पिवळट, गिळगिळीत, बोट लावलं की थरथरतो. मोरीत साचतो आणि वर साय धरतो. मामा त्याच हातांनी नळ उघडणार, दाराची कडी लावणार, माझ्याच टॉवेलला पुसणार. परवा चहाचा कप उचलला तर बोट कपाच्या कानाला चिकटून बसलं. कप आहे का गोगलगाय, मला कळेना. चहा ओतला, कपही टाकून दिला, आणि दुपारभर मला जेवण गेलं नाही.

शेवटी मी सांगून टाकलं, पिटुकली येणार आहे, या घरात एक तर तो शेंबूड राहील नाही तर मी. मामा कुरकुरला. दगड देणाऱ्याने पाणी सोडूनच काप म्हणून सांगितलंय म्हणाला. मी म्हटलं, मग त्याच्या मोरीत जाऊन काप. दोन दिवस तोंड फुगवून बसला आणि मग त्याने पाणी बंद केलं. आता कोरडंच कापतो. धूळ होते, पिठाच्या डब्यापर्यंत येऊन बसते, पण धुळीचं काय, फडकं मारलं की गेली. कोरडी घाण ही काय घाण आहे?

आणि यातूनच मला एक गंमत सापडली. मामाने दगडाची एक नवी गोणी आणली, त्यातले दगड सोनेरी नाहीत, निळे आहेत. ससाण्याचा डोळा म्हणतात त्याला. मामाने मला समजावलं की हा दगड मुळात दगडच नव्हता. खडकाच्या भेगेत निळा धागा वाढतो, आणि त्या धाग्यात गारगोटीचं पाणी मुरत मुरत तो दगड होतो. पुढे गंजला की तोच सोनेरी वाघडोळा. पण काही दगडांच्या कडेला धागा तसाच राहिलाय, दगड व्हायचा विसरलेला. नखाने ओढला की मऊ मऊ निळा पुंजका हातात येतो. कापूसच गं. मामा तो सुरीने खरवडून टाकून देतो. म्हणाला, घेऊन जा, नाही तरी मला तो फेकायचाच आहे.

तुझ्या आजोबांनी आयुष्यभर कापूस पिंजला, मी गाद्या शिवल्या. जे पिंजलं जातं ते आपलं, असं ते म्हणायचे. त्यांची पिंजायची कमान अजून खुंटीला आहे. मी ठरवलंय, या निळ्या कापसाची पिटुकलीला उशी करायची. आभाळाएवढी निळी. असली उशी राजाच्या पोरीलाही मिळाली नसेल.

नमुना म्हणून एक पुंजका पाकिटात घातलाय. तिच्या गालाला लावून बघ. तुझ्या सासूला मात्र दाखवू नकोस. साबणबाई तो आधी उकळतील आणि मग उन्हात वाळत घालतील. हसू नकोस. तुझी आई गेली तेव्हापासून मीच तुझी आई, म्हणून ती माझी विहीण, आणि विहिणीबद्दल बोलायचा मला हक्क आहे. सुट्टी नाणीसुद्धा धुऊन घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तुझ्या लग्नात मी ज्या खुर्चीवरून उठले, त्या खुर्चीवरून तिने ओलं फडकं फिरवलं. मला दिसलं नाही असं तिला अजून वाटतं.

नातजावयांना आशीर्वाद. पिटुकलीच्या दोन्ही तळपायांचे पापे.

तुझी आजी


९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र मिळालं. हे पत्र तुझ्या हातात पडायला चार दिवस लागतील, म्हणून मी मामाला आत्ताच फोन करून सगळं नीट समजावून सांगितलंय. तो तुला सांगेल. तो सांगतो तसंच कर.

उशी करू नकोस. तो पुंजका आम्ही टाकून दिला, चादरीसकट. आम्ही एवढ्यात येत नाही. घर साफ झालं की येऊ. तू रागावू नकोस, आणि कृपा करून त्या निळ्या वस्तूला हात लावू नकोस.

इथे गडबड आहे, जास्त लिहायला सुचत नाही. तुझी तब्येत सांभाळ.

तुझी भिंगरी


१४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. द्यायचा म्हणून देते आहे.

मामाने मला सांगितलं सगळं. तुझा फोन झाल्यावर त्याचं तोंड उतरलं होतं, मला वाटलं बातमी वाईट आहे. मग हळूच म्हणाला, तिच्या सासूला किळस आली. कसल्या कसल्या कापसाची उशी आमच्या नातीला नको म्हणाल्या, आणि तुमच्याकडे घाण फार, तिथे बाळाला पाठवणार नाही म्हणाल्या. मी विचारलं, आणि भिंगरी काय म्हणाली? तो म्हणाला, ती काय म्हणणार, तिला त्या घरात राहायचंय.

मग तुझं पत्र आलं. चादरीसकट टाकून दिला. घर साफ झालं की येऊ. तीन वेळा वाचलं. भिंगरी, याच घरात तू चालायला शिकलीस. याच फरशीवर सांडलेली साखर तू चाटून खाल्लीस आणि तुला काही झालं नाही. माझं घर तुला आता घाण वाटतं? मी त्या चिखलासाठी पोटच्या पोराशी भांडले, तो चिखल गेला, मोरी आरशासारखी लख्ख आहे. दोन आठवडे झाडू माझ्या हातातून सुटला नाही. सकाळी झाडते, दुपारी झाडते, निळी धूळ उन्हाच्या तिरिपेत नाचते आणि मी तिच्या मागे झाडू घेऊन नाचते. आता मला सांग, यात घाण कुठली?

किळस मलाही येते. माणसांची येते. खुर्ची पुसणाऱ्या माणसांची येते. तोंडाने गोड बोलायचं आणि पाठ फिरली की हात धुवायचे, याच्याएवढं ओंगळ काही नाही.

मामा म्हणाला, उशी राहू दे आता. मी म्हटलं, आता तर होणारच. कमान खुंटीवरून काढली, तार ओढून बघितली, अजून टण् वाजते. खोलीचं दार-खिडकी लावून घेतली, नाही तर एवढा हलका कापूस वाऱ्याने गेला असता, आणि दिवसभर पिंजत बसले. आजोबांची खूप आठवण आली. कापसापेक्षा हलका गं. तारेचा एक ठोका दिला की निळा धूर व्हायचा आणि सावकाश खाली यायचा. माझे केस निळे, भुवया निळ्या. मामा तेवढा दार किलकिलं करून दारात उभा राहिला, तोंडाला ओलं फडकं बांधून. काय रे, दरोडा घालायला निघालास का, विचारलं. यंत्राच्या तेलाचा वास येतो म्हणाला. आत ये म्हटलं तर आला नाही, तिथूनच बघत राहिला. मग म्हणाला, आई, बास आता. मी म्हटलं, तू तुझे दगडाचे डोळे घास, मला माझं काम करू दे.

उशी झाली. पांढऱ्या कापडाची खोळ, कोपऱ्यात एक भिंगरी भरलीय निळ्या दोऱ्याने, तुझी आठवण म्हणून. पिटुकलीच्या डोक्याएवढीच आहे. मामा माल पोचवायला बाहेर गेला होता तेव्हा शेजारच्या शिंपिणीच्या हाती टपालात टाकली. मोठ्या गाठोड्यात बांधलीय, वर तुमचा पत्ता.

आता साबणबाईंना येऊ दे किळस. मला बघायचंय, आजीची उशी पणतीच्या डोक्याखालून कोण काढतं.

खोकला आहे थोडा, झाडून झाडून झाला असेल.

आजी


१९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

आधी हे कर, मग पुढचं वाच. पत्र घेऊन घराबाहेर जा. शिंपीणमावशींकडे बस आणि तिथे वाच. झाडू मारू नकोस, काही झटकू नकोस, पंखा लावू नकोस.

तुझं पत्र आज हातात पडलं तेव्हा कळलं, मामाने तुला खोटं सांगितलं. माझ्या सासूबाई तुझ्याबद्दल एक अक्षर बोललेल्या नाहीत. त्यांना उशीचं काही माहीतच नव्हतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी पलंगावर बसून ते फोडलं. तो पुंजका आधी माझ्या गालाला लावला. तू म्हणालीस तसाच होता, खूप मऊ. पिटुकली शेजारीच होती. माझा हात तिच्या गालापर्यंत गेला होता आणि तेवढ्यात हे कामावरून आले. तुला माहीत आहे ना, हे जुनी छपरं उतरवायचं काम करतात. दारातूनच म्हणाले, "हलू नकोस. हात आहे तिथेच ठेव." इतक्या हळू आवाजात म्हणाले की मी घाबरले. मग पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातावर ओतला, पलंगावर, पत्रावर, सगळीकडे. पिटुकलीला उचलून बाहेर नेलं. चादर, माझे कपडे, सगळं ओलं करून पिशवीत बांधलं. मग भिंतीला टेकून खाली बसले.

आजी, तो कापूस नाही. तो दगडच आहे, डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांसारखा. जुन्या छपरांच्या सिमेंटच्या पत्र्यात कधी कधी हाच निळा धागा सापडतो. तसं छप्पर उतरवताना हे लोक डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतात आणि सतत पाणी मारतात, कारण ओला धागा उडत नाही. कोरडा उडतो, श्वासातून छातीत जातो आणि तिथेच राहतो. छातीला तो ना पचवता येत, ना बाहेर टाकता येत. वीस-तीस वर्षं काहीच कळत नाही. कळतं तेव्हा उपाय उरलेला नसतो.

घडवून गुळगुळीत केलेल्या पदकाने काही होत नाही, त्यातला धागा दगडात पक्का कोंडलेला असतो. कापतानाच काय ते जपायचं असतं. म्हणून तर पाणी सोडायचं. तो चिखल दिसायला घाणेरडा होता, पण धागा त्यात अडकून राहत होता.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं होतं, यांनीही सांगितलं. मामा हो हो म्हणाला. आत्ताच्या आत्ता आईला सांगतो म्हणाला. आता तो माझा फोनच उचलत नाही.

आता उशीचं. काल ती आली तेव्हा मी दुकानात होते, हे कामावर. घरी सासूबाई आणि पिटुकली. मी परतले तर टेबलावर टपालाची पावती, गाठोडं मात्र कुठे दिसेना. पाठवणाऱ्याचा पत्ता तुझा. मी ओरडतच आत गेले, ते कुठे आहे, उघडलं का. सासूबाई पिटुकलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"उघडते कशाला?" म्हणाल्या. "किती हातांतून आलंय, कोण कोण शिंकलं असेल त्यावर. आलं तसं बादलीत बुडवलं. मागच्या अंगणात आहे, वर पाटा ठेवलाय, तरंगायला लागलं होतं."

मी तिथेच खाली बसले. त्यांना वाटलं मला राग आला. म्हणाल्या, "तुझ्या आजीने पाठवलंय म्हणून साधा साबण नाही घातला. अंगाचा घातला."

हे येईपर्यंत आम्ही मागचं दार उघडलं नाही. यांनी बादलीसकट सगळं बांधून, जिथे असला माल पुरतात तिथे नेलं. भरलेली भिंगरी मी बघितलीसुद्धा नाही.

या पत्राच्या पाठोपाठ यांच्या कामावरची माणसं तुझ्याकडे येतील. ती सांगतील ते ऐक. आणि आजी, डॉक्टरकडे जा. मामालाही ने.

तुझी भिंगरी


२६ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. या वेळी मनापासून.

शिंपिणीच्या घरून लिहिते आहे. अंगावर लुगडंही तिचंच आहे, माझं एकही उरलेलं नाही.

तुझं पत्र मी तिच्या पायरीवर बसून वाचलं आणि मग मामाला बाहेर बोलावलं. वाच म्हटलं, मोठ्याने वाच, मला चष्म्यातून नीट दिसत नाही. खोटंच. त्याने वाचलं. त्यांना उशीचं काही माहीतच नव्हतं, इथपर्यंत आला आणि थांबला.

मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं."

"पाणी तूच बंद करायला लावलंस," म्हणाला. "तुला चिखलाची किळस येत होती."

हे त्याचं खरं आहे, भिंगरी. ते मी गिळलं. मग विचारलं, "आणि भिंगरीचा फोन आल्यावर?"

"पदकं द्यायची होती. आठवड्याचंच काम राहिलं होतं. संपलं की सांगणार होतो. तू उशी करशील असं वाटलं नाही."

"दारात उभा राहून बघत होतास की."

तो पत्राची घडी घालायला लागला.

"तोंडाला फडकं बांधून," मी म्हटलं. "घरात फडकं एकच होतं का रे?"

तो खाली बघत राहिला. पायरीवर मुंग्या चालल्या होत्या, त्या मोजत असल्यासारखा. त्या चिखलाची, त्या चिकट कपाची मला जी शिसारी आली होती ना, ती काहीच नव्हती. पोटच्या पोराची शिसारी यावी, आणि ते पोर समोर रडत असावं, असं कुणावर येऊ नये. जवळ घेतलं नाही मी त्याला. अजून घेतलेलं नाही. जेवायला वाढते, बस.

नातजावयांची माणसं आली. पांढरे झगे, तोंडावर डबे, सगळी गल्ली बघायला जमली. शिंपिणीने सगळ्यांना सांगितलं की आमच्याकडे चंद्रावरून पाहुणे आलेत. घरभर पाण्याचा फवारा मारला. गाद्या गेल्या, पडदे गेले, पिठाचा डबा गेला. मग एक जण कमान घेऊन बाहेर आला. मी म्हटलं, ती धुऊन देते, मी घासून धुते. तो बिचारा चांगला होता, म्हणाला, आजी, तारेत आणि लाकडात बसलंय, निघणार नाही. तुझ्या आजोबांचा हात जिथे धरायचा तिथे लाकूड झिजून बोटांचे खळगे पडले होते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. शेवटचा हातसुद्धा लावू दिला नाही मला. निळी धूळ होती त्या खळग्यांत, मी लांबून बघितली. किती स्वच्छ दिसत होती गं. आजवर घाण म्हणून मी जे जे पुसलं, त्यातलं काही इतकं सुंदर नव्हतं.

डॉक्टरकडे गेलो. त्याने छातीचे फोटो काढले. आत्ता काही नाही, खोकला घशाचा आहे म्हणाला, पण जपा, दर वर्षी या. त्रास झालाच तर वीस-तीस वर्षांनी. मी म्हटलं, डॉक्टर, मग मला शंभरीची हमी कागदावर द्या. तो हसला, मीही हसले. मग त्याने मामाचा फोटो दिव्यासमोर धरला, आणि माझं हसू गेलं. मला नाहीत तीस वर्षं. त्याला आहेत. आणि पिटुकलीला तर सगळीच आहेत, एकूण एक.

मामाने यंत्र विकायला काढलंय. पिटुकलीसाठी त्याने एक निळं पदक घडवून ठेवलं होतं, ते माझ्याकडे दिलं. त्याने काही होत नाही, तू लिहिलंस, मला पटलंय. पण मी पाठवणार नाही. ती रेघ हलते ना, मला वाटतं ती माझ्याकडेच बघते आहे.

तू पिटुकलीला इकडे आणू नकोस. घर कितीही धुतलं तरी नको. मीच येते. सोबतची चिठ्ठी सासूबाईंना दे. तू वाचलीस तरी चालेल, पण वाचली नाही असं दाखव.

तुझी आजी


२६ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमच्या पाठीमागे मी तुम्हाला काय म्हणते ते भिंगरीला विचारू नका. चांगलं नाही ते. यापुढेही म्हणणार आहे, सवय झालीय, पण आता त्याचा अर्थ वेगळा असेल.

लग्नात मी उठल्यावर तुम्ही खुर्ची पुसलीत. मी बघितलं होतं. दोन वर्षं ते माझ्या घशात अडकलं होतं. आता म्हणते, अजून एकदा पुसायला हवी होती.

माझी किळस चुकली. डोळ्यांना जे ओंगळ दिसलं त्याची आली, आणि जे देखणं दिसलं ते मी हाताने पिंजून, शिवून, वर भरतकाम करून बाळासाठी पाठवलं. तुमची किळस कुणाचं तोंड बघत नाही, सरसकट सगळ्यांची येते, म्हणून पिटुकली वाचली. बाईमाणसाने एवढं स्वच्छ असू नये असं मी सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे. सामान काही नाही, नेसलेलं तेवढंच. फाटकाशी एक बादली भरून ठेवा. मी तिथेच उभी राहीन, तुम्ही माझ्या डोक्यावरून ओता. थंड असलं तरी चालेल. एकीने समाधान झालं नाही तर दुसरी ओता, मी काही बोलणार नाही. साबण मात्र अंगाचा घ्या.

आणि मग, तुम्हाला वाटेल तेव्हा, पिटुकलीला माझ्याकडे द्या.

तुमची विहीण